अंकलचं घर घ्या, पण आधी वाकडचा फ्लॅट मोजा

«ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे. सहा वर्षांपासून इंग्लंडात लंडनजवळ स्लाऊला भाड्याच्या घरात राहतो. घरमालक पंजाबी आहेत, सत्तरीच्या पुढचे, आम्ही त्यांना अंकलच म्हणतो. दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जातो, वैशाखीला त्यांच्याकडून जेवण येतं. आता त्यांना हे घर विकायचंय. म्हणतात, ‘एजंटला कशाला पैसे घालायचे? चार लाख वीस हजार पौंडांना तूच घे. दहा हजार टोकन दे. बाकीचं माझा पुतण्या बघेल, तो सॉलिसिटर आहे, दोघांचंही काम एकाच खर्चात करून देईल.’ घर तीन बेडरूमचं, फ्रीहोल्ड आहे. मागे स्वयंपाकघर वाढवलंय आणि बागेत एक पक्की खोली आहे. बाबा सांगलीहून चाळीस लाख रुपये पाठवायला तयार आहेत. पुण्याला वाकडमध्ये माझ्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे, आज त्याचे एक कोटी वीस लाख तरी येतील. आम्ही इकडे आलो तेव्हापासून तो भाड्याने दिलाय. बायको म्हणते, मध्ये एजंट नाही, उद्या गडबड झाली तर विचारायचं कोणाला? मला वाटतं, कागदांचं फार लावून धरलं तर अंकलना वाईट वाटेल. काय करू?»

तुमच्या बायकोने नेमका प्रश्न विचारलाय, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते. इंग्लंडात मध्ये एजंट असता, तरी गडबड झाल्यावर त्याला विचारून तुमच्या हाती फारसं काही लागलं नसतं. इथला इस्टेट एजंट हा विकणाऱ्याचा माणूस. त्याची फी विकणारा देतो आणि घर जास्तीत जास्त भावाला जावं, यासाठीच त्याला नेमलेलं असतं. आपल्याकडे एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, त्यामुळे तो निदान थोडा आपलाही आहे असं वाटत राहतं. इथे तसं नाही. घराचा मालक खरा कोण, भिंतीत ओल आहे का, पैसे सुरक्षित पोचतील का, यातलं एकही काम त्याचं नाही. ही कामं सॉलिसिटरची, म्हणजे वकिलाची, घर तपासणाऱ्या सर्व्हेयरची आणि कर्ज देणाऱ्या बँकेची. तेव्हा एजंट खुशाल वगळा. भाडेकरूने मालकाकडून थेट घर घेणं इथे कायदेशीर आहे आणि होतही असतं. तुम्ही सहा वर्षं त्या घरात राहिलात, पाऊस कुठून आत येतो हे तुम्हाला कुठल्याही एजंटपेक्षा जास्त ठाऊक आहे.

फक्त एक हिशोब नीट लावा. एजंटची फी सव्वा टक्का धरली, तर चार लाख वीस हजारांवर ती व्हॅटसकट ६,३०० पौंड होते. हे पैसे अंकलचे वाचतात, तुमचे नाही. म्हणून एजंट नाही याचा तुम्हालाही काही फायदा व्हायचा असेल, तर तो भावात दिसला पाहिजे. भाव बोलण्याआधी लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे इथल्या घरांच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर तुमच्या गल्लीतली घरं गेल्या दोन-तीन वर्षांत कितीला गेली ते पाहा. १९९५ पासूनचे विक्रीचे भाव तिथे फुकट बघता येतात, घर क्रमांकासकट. शेजारचं तसंच घर चार लाख पाच हजारांना गेलं असेल, तर हे अंकलना सांगण्यात संकोच कसला? आणि उलट, अंकल प्रेमाने बाजारापेक्षा कमी भाव लावत असतील तर ते बँकेला आणि सॉलिसिटरला आधीच सांगा, लपवू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसले, ती. तुमच्या पत्रात वाकडचा फ्लॅट एका वाक्यात येऊन गेलाय. या सगळ्या व्यवहारात सगळ्यात महाग पडणारी गोष्ट तीच आहे.

इंग्लंडात पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटीत सवलत मिळते. तीन लाख पौंडांपर्यंत काही नाही, त्यापुढे पाच लाखांपर्यंत पाच टक्के. तुमच्या घरावर तो आकडा ६,००० पौंड येतो. तुमच्या डोक्यात बहुतेक हाच आकडा असणार, कारण इंग्लंडात हे तुमचं पहिलंच घर. पण कायद्यात ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही आजवर घेतलेलं किंवा वारशाने आलेलं पहिलं घर. वाकड जगातच आहे. तेव्हा ही सवलत तुमच्यासाठी गेली. सवलतीशिवाय नेहमीच्या दराने, म्हणजे १,२५,००० पर्यंत शून्य, अडीच लाखांपर्यंत दोन टक्के आणि त्यापुढे पाच टक्के असं धरलं, की ड्यूटी ११,००० होते.

आणि हे इथेच थांबत नाही. ज्याच्या नावावर आधीच एक राहतं घर आहे, त्याला दुसरं घर घेताना संपूर्ण किमतीवर वेगळी पाच टक्के जादा ड्यूटी लागते. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर आहे, त्याआधी तो तीन टक्के होता. इथेही घर जगात कुठेही असो. तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असला की तो मोजला जातो, आणि एक कोटी वीस लाख त्याच्या कितीतरी पुढे आहेत. फ्लॅटवर कर्ज बाकी असेल तर ते वजा होत नाही, किंमतच पाहतात. चार लाख वीस हजारांवर पाच टक्के म्हणजे २१,०००. एकूण ड्यूटी ३२,०००. कुठे सहा हजार आणि कुठे बत्तीस! हा फरक तुमचे बाबा पाठवणार असलेल्या रकमेच्या बराच जवळ जातो.

मी हे आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या बाबतीत जवळून पाहिलंय. त्यांना हे घर ताब्यात यायच्या आठ दिवस आधी कळलं, सॉलिसिटरच्या शेवटच्या हिशोबाच्या कागदावर. स्वयंपाकघराच्या टेबलावर तो कागद होता आणि ती मुलगी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून पुन्हापुन्हा विचारत होती, हे आमचंच आहे ना, चुकून दुसऱ्या कोणाचं नाही ना. पैसे उभे करायला त्यांनी दागिने गहाण ठेवले.

मग तुम्हाला लगेच सुचेल की घर बायकोच्या नावावर घेऊ. तिच्या नावावर काही नाही. पण एकत्र राहणारं नवरा-बायकोचं जोडपं या जादा ड्यूटीसाठी एकच धरतात, त्यामुळे तुमचा फ्लॅट तिच्याही खात्यावर येतो. पुण्याचं इथे कोणाला कळणार आहे, असंही कोणीतरी सुचवेल. तो विचार सोडून द्या. स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न सॉलिसिटर भरतो, पण त्यातली माहिती तुमची आणि तिला जबाबदारही तुम्हीच.

खरा मार्ग एकच, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. घर ताब्यात येण्याच्या दिवशी, दिवस संपताना, वाकडचा फ्लॅट तुमच्या नावावर नसला पाहिजे. तो आधी किंवा त्याच दिवशी विकला गेला तर २१,००० वाचतात. नंतर तीन वर्षांत विकला तर परतावा मिळतो असं तुम्ही कुठेतरी ऐकाल. तो नियम आहे, पण आधीच्या राहत्या घरासाठी, आणि इकडचं घर घेण्याआधीच्या तीन वर्षांत कधीतरी तुम्ही त्यात स्वतः राहिलेले असायला हवं. तुमचा फ्लॅट सहा वर्षं भाडेकरूकडे आहे. तो परतावा तुमच्यासाठी नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर अंकलशी भावाचं बोलण्याआधी पुण्यात फ्लॅट विकायला काढला असता. भाडं येतंय, आईबाबांना आधार वाटतो, हे सगळं मला समजतं. पण एकवीस हजार पौंड, म्हणजे आजच्या भावाने वीस लाख रुपयांच्या वर, हे त्या फ्लॅटचं कित्येक वर्षांचं भाडं आहे.

विकायला काढाल तेव्हा एवढं धरून चाला की तुम्ही अनिवासी आहात, त्यामुळे घेणाऱ्याला तुमचा टॅक्स कापूनच पैसे द्यावे लागतात. पुष्कळदा तो नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो आणि पैसे वर्षभर अडकतात. ते टाळायला आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढता येतं. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून ग्राहक मिळायच्या आधीच पुण्यातल्या सीएला कामाला लावा. पैसे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या, खात्यात येतील आणि तिथून सीएचा दाखला जोडून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तुमच्या रकमेला ती मर्यादा पुष्कळ झाली.

फ्लॅट विकला गेल्यावर आणखी एक दार उघडतं. तेव्हा घर बायकोने एकटीने घेतलं आणि तिच्या नावावर आजवर जगात कुठेही घर आलेलं नसेल, तर पहिल्या घराची सवलत तिला मिळू शकते. म्हणजे अकराऐवजी सहा हजार. काही बँका कर्ज दोघांच्या पगारावर आणि घर एकाच्या नावावर असंही देतात. पण आधी तिच्या माहेरी विचारा. वडील वारले असतील आणि वारस म्हणून राहत्या घराला तिचं नाव लागलं असेल, तर तिला सवलत नाही, हिस्सा कितीही लहान असो. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असलं तर चालतं, तिथे राहतं घर नसलं पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी मुलींना आपलं नाव माहेरच्या घराला लागलंय हे ठाऊकही नसतं. वारसनोंद भावाने परस्पर केलेली असते.

आता टोकनचं. दहा हजार पौंड अंकलच्या हातात देऊ नका. एक पौंडही देऊ नका.

आपल्या मनात इसार हा शब्द फार पक्का बसलाय. इसार दिला, पावती झाली, म्हणजे व्यवहार झाला. इंग्लंडात तसं नाही. इथे १९८९ च्या कायद्याने जमिनीचा किंवा घराचा करार लेखी आणि दोघांच्या सहीचा असल्याशिवाय करारच नाही. तोंडी शब्द, हस्तांदोलन, कशानेच अंकल बांधले जात नाहीत, आणि तुम्हीही नाही. दोन्ही सॉलिसिटर ज्या दिवशी सह्या केलेले करार एकमेकांना देतात, त्याला एक्स्चेंज म्हणतात, त्या दिवशी दोघंही बांधले जातात. तोपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात कोणीही मागे फिरू शकतं.

हे मी स्वतः भोगलंय. आमचं पहिलं घर आम्ही असंच ओळखीतून घेत होतो, एजंटशिवाय. माणूस सज्जन, नेहमी घरी येणारा. त्याने शब्द दिला, मी देवापुढे साखर ठेवली, सासूबाईंना फोन करून सांगितलं, शेजारी पेढे वाटले. सर्व्हे केला, सॉलिसिटरचे पैसे भरले, मुलीला तिची खोली दाखवून आणली. सहा आठवड्यांनी त्याचा फोन आला, की दुसरे कोणी बारा हजार जास्त देताहेत, काय करू सांगा. तो मला विचारत नव्हता, सांगत होता. सर्व्हे आणि वकील मिळून आमचे चौदाशे पौंड गेले. पैशांपेक्षा मुलीला काय सांगायचं, तो प्रश्न जास्त दिवस पुरला. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्यावर कायद्याचं बंधन नव्हतं आणि मला ते माहीत नव्हतं.

तुम्हाला भीती असेल की एजंट नाही, मध्येच दुसरं गिऱ्हाईक आलं तर? त्यावर उपाय आहे. सॉलिसिटरकडून एक छोटा लेखी करार करून घेता येतो, की अमुक आठवडे अंकल दुसऱ्या कोणाशी बोलणी करणार नाहीत. त्याने विक्रीची सक्ती होत नाही, पण तेवढा अवधी तुमच्या हक्काचा होतो. अंकल खरंच तुम्हालाच द्यायला निघाले असतील तर त्यावर सही करायला त्यांना अडचण नसावी.

पुतण्याचं एका वाक्यात सांगते. तो अंकलचा वकील होऊ दे, तुमचा नको. एकाच सॉलिसिटरने घेणारा आणि विकणारा दोघांचं काम बघणं इथे बहुतेक वेळा नियमातच बसत नाही, कारण दोघांचं हित वेगळं. शिवाय तुमच्या सॉलिसिटरला बँकेच्या यादीत असावं लागतं. तुमचा तुम्ही शोधा, हजार ते दोन हजार पौंड फी आणि वर व्हॅट असं धरून चाला, आणि त्याचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या साइटवर आहे ना हे डोळ्यांनी बघा. हे पैसे वाचवण्याचे नाहीत.

एजंट नसल्यामुळे एक कागद मात्र तुम्हालाच करावा लागेल. एजंट असता तर भाव ठरल्यावर त्याने दोन्ही वकिलांना एक पान पाठवलं असतं. घराचा पत्ता, दोघांची पूर्ण नावं, ठरलेली किंमत, दोघांचे सॉलिसिटर, घरातच राहणाऱ्या वस्तू आणि वर ठळक अक्षरात की हे कराराच्या अधीन आहे, म्हणजे अजून कोणी बांधलं गेलेलं नाही. ते तुम्ही आणि अंकल एका संध्याकाळी बसून लिहा. आणि एजंटचं दुसरं काम म्हणजे पाठपुरावा. इथले सॉलिसिटर आपणहून फोन करत नाहीत. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी सकाळी तुम्ही तुमच्या वकिलाला आणि अंकलनी त्यांच्या वकिलाला फोन करायचा, काय अडलंय ते विचारायचं आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायचं.

मालकी तपासणं इथे आपल्यापेक्षा सोपं आहे आणि मला त्याचं कौतुक वाटतं. आपल्याकडे सब-रजिस्ट्रारकडे खरेदीखताची नोंद होते, दस्ताची. मालकी कोणाची, याची हमी सरकार देत नाही. म्हणून आपण तीस वर्षांचा सर्च काढतो, इंडेक्स टू बघतो, तरी मनात धाकधूक राहते. इंग्लंडात लँड रजिस्ट्रीत मालकीचीच नोंद असते आणि सरकार तिच्या मागे उभं असतं. सात पौंड भरा आणि आज रात्री जेवणं झाल्यावर या घराचं रजिस्टर उतरवून घ्या. तीन भाग दिसतील. पहिल्यात घराचं वर्णन. दुसऱ्यात मालकांची नावं. तिसऱ्यात बोजे. दुसरा भाग हळूहळू वाचा. तिथे अंकलबरोबर आंटींचं किंवा एखाद्या भावाचं नाव असेल तर त्यांचीही सही लागेल, आणि ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला लागेल. तिसऱ्या भागात बँकेचं नाव असलं तर घाबरू नका, अंकलचं कर्ज विक्रीच्या पैशातून फिटतं आणि त्यांचा वकील ते फेडण्याची लेखी हमी देतो. अशी नावं निघाली तर ती महिनाभराने निघण्यापेक्षा आजच निघालेली बरी.

सर्व्हे कराच. बँक जो माणूस पाठवते तो बँकेसाठी किंमत बघायला येतो, छप्पर बघायला नाही. घर जुनं आणि वाढवलेलं आहे, म्हणून वरच्या पातळीचा, तिसऱ्या लेव्हलचा सर्व्हे मागा. तुम्ही तिथे राहता, याचा फायदा घ्या. सर्व्हेयर यायच्या आधी सगळी कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा. आमच्या आत्ताच्या घरात मोठ्या कपाटामागे ताटाएवढा काळा डाग निघाला होता. बाहेर नळीतून पाणी भिंतीवर पडत होतं, दुरुस्ती शंभर-दीडशे पौंडांची. कपाट हललं नसतं तर पुढच्या पावसाळ्यांनी आतलं प्लास्टर उतरवलं असतं.

वाढवलेलं स्वयंपाकघर आणि बागेतली खोली, या दोन गोष्टींवर मात्र थांबा. स्लाऊमध्ये बागेतल्या खोल्यांचा विषय जुना आहे. २०१३ मध्ये तिथल्या काउन्सिलने, म्हणजे पालिकेने, उष्णता टिपणारा कॅमेरा लावून विमानच फिरवलं होतं, कुठल्या शेडमध्ये माणसं राहतात ते शोधायला. तेव्हा अंकलना विचारा, दोन्ही कामांची परवानगी होती का, आणि काम पूर्ण झाल्यावर ते नियमाप्रमाणे झाल्याचा बिल्डिंग कंट्रोलचा दाखला मिळाला होता का. ही दोन वेगवेगळी कागदं आहेत आणि लोक पहिलं दाखवून दुसरं असल्यासारखं बोलतात. काउन्सिलच्या साइटवर जुन्या परवानग्या बघता येतात, त्या बघा. पण दाखला नाही असं लक्षात आलं, तर तुम्ही स्वतः काउन्सिलला फोन करून किंवा ईमेल टाकून विचारू नका. अशा त्रुटीसाठी जो विमा काढता येतो तो काउन्सिलला एकदा विषय कळवला की सहसा मिळत नाही. आधी सॉलिसिटरला सांगा. आणि हा विमा दंडापासून, नोटिशीपासून वाचवतो, बीम कच्चा असेल तर तो पक्का करत नाही. ते सर्व्हेयरनेच सांगायचं.

विकणाऱ्याने भरायचे दोन फॉर्म असतात. टीए६ मध्ये घराची सगळी माहिती, शेजाऱ्यांशी भांडणं, दुरुस्त्या, पूर, जपानी नॉटवीड नावाचं ते चिवट झुडूप. टीए१० मध्ये पडदे, फ्रिज, शेगडी यांतलं काय राहणार आणि काय जाणार. अंकल म्हणतील, तू इथेच राहतोस, तुला सगळं माहीत आहे, फॉर्म कशाला. तरी भरायला लावा. लिहून दिलेल्या उत्तराला वजन असतं. आणि फर्निचरची किंमत फुगवून घराची किंमत कमी दाखवू, ड्यूटी वाचेल, किंवा थोडे रोख घेऊ, असं कोणीही सुचवलं तर तिथेच नको म्हणा. ही इथे सरळ करचोरी धरली जाते.

बाबांच्या चाळीस लाखांचं बघू. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि मुलाला भेट देणं त्यात बसतं. रकमेची अडचण नाही. पण १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. बाबांनी एकट्याने चाळीस पाठवले तर तीस लाखांवर सहा लाख जास्तीचे भरावे लागतील. हा खर्च नाही, रिटर्न भरल्यावर टॅक्समध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. आईच्या नावावर तिची स्वतःची ठेव असेल तर दोघांनी दहा-दहा लाख मार्चमध्ये आणि दहा-दहा एप्रिलमध्ये पाठवले की टीसीएस लागतच नाही. तुमचं एक्स्चेंज कधी होतं त्यावर हे जमेल की नाही ते ठरेल, पण कॅलेंडर काढून बघा.

तुमचा सॉलिसिटर त्या पैशांचा उगम विचारेल, आणि खोलात शिरून विचारेल. ठेवीच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बाबांचा पासपोर्ट, आणि ठेव जमीन विकून आली असेल तर खरेदीखत. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा, माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त व्यवहार इथेच रखडतात.

एक्स्चेंजच्या वेळी साधारण दहा टक्के, म्हणजे ४२,००० पौंड द्यावे लागतात. ते अंकलना नाही, तुमच्या वकिलाकडून त्यांच्या वकिलाकडे जातात आणि घर ताब्यात येईपर्यंत तिथे राहतात. त्याच दिवसापासून घराचा विमा तुमच्या नावावर चालू करा. वकिलाचा बँक खाते क्रमांक पहिल्या भेटीत कागदावर लिहून घ्या आणि नंतर ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका, आधीच्या नंबरवर फोन करून विचारा. लोकांचे ईमेल फोडून वर्षानुवर्षं साठवलेले पैसे एका दुपारी गेल्याची उदाहरणं इथे आहेत. ताबा मिळेपर्यंत भाडं नियमित भरत राहा, घर सोडण्याची नोटीस देऊ नका, आणि भाड्याचं डिपॉझिट योजनेत ठेवलंय ते शेवटी परत घ्यायचं विसरू नका.

राहिला अंकलना वाईट वाटण्याचा प्रश्न. तुम्ही हा प्रश्न विचारलात, यातच तुमचा चांगुलपणा दिसतो, आणि तो जपावा असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे जाल तेव्हा बायकोलाही बरोबर न्या, आणि एवढंच सांगा: ‘अंकल, घर आम्हीच घेतो. बँक कर्ज देतेय, त्यामुळे माझा वकील वेगळा हवा. टोकन वकिलांमार्फतच देऊ आणि सर्व्हेही करून घेऊ. तुमच्या बाजूचं सगळं पुतण्या बघू दे.’ यात खोटं काही नाही, बँकेलाही हे असंच आवडतं. सत्तरी पार केलेल्या माणसाने आयुष्यात घरं घेतलेली असतात, त्यांना हे नवीन नाही. आणि त्यांनाही यात सोय आहे. त्यांना नफ्यावर कर बसणार, ताबा दिल्यापासून ६० दिवसांत तो कळवून भरायचा असतो, वकील वेगळा असला की तेही कागद नीट राहतात.

एक शेवटचं, बाबांसाठी. बँक आणि वकील त्यांच्याकडून एका पत्रावर सही घेतील, की ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, आणि या घरावर माझा कोणताही हक्क नाही. आयुष्यभराची ठेव मोडून मुलाला घर घेऊन देणाऱ्या माणसाच्या हातात ‘या घरावर माझा हक्क नाही’ असा इंग्रजी कागद अचानक पडला, तर तो वाचताना त्यांना काय वाटेल, याचा विचार करा. माझ्या सासऱ्यांनी तो कागद दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला होता. तो लिफाफा सांगलीला पोचायच्या आधी तुम्ही स्वतः फोन करा, तो का लागतो ते मराठीत सांगा, आणि वरच्या मजल्यावरची कुठली खोली त्यांची असणार आहे, तेही सांगा.